माप

मार्कशीट लॅमिनेट करून घेतली तेव्हा
दुकानदारानं विचारलं, आता कुठलं कॉलेज?
श्रीलता पंख्याकडं बघत राहिली.
तिच्या वतीनं मीच म्हणाले, बघू.

मी गणवेश शिवते. डझनावर.
खांदा, छाती, बाही:
कधी न पाहिलेल्या पोरांची मापं बोटांत बसलीत.
हिचं माप घ्यायचं तर टेप कुठं धरायचा, कळेना.
सोळा वर्षांत घरी आलेल्या मैत्रिणी दोन,
त्यातली एक वही परत द्यायला.

यादगिरी मास्तर म्हणाले, निकाल बघा.
नणंद म्हणाली, पोरी किती, पोरं किती ते बघा.
मी म्हटलं, मी कँटीन बघणार.

तीन दुपारी मशीन बंद ठेवलं.
जून अर्धा सरलेला, तरी डांबर चपलेला धरत होतं.

होटगी रोडच्या कॉलेजात काचेचं दार.
पोरी एकमेकींच्या बुटांकडं आधी बघत, मग तोंडाकडं.
जिन्याखाली एकजण डबा खात होती,
झाकण अर्धंच उघडून,
शेंगाचटणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून.
तिचं नाव विचारायचं राहिलं.
अजून रुखरुख आहे.

दुसरं विजापूर रोडला. लिंबाची झाडं.
वाचनालयाबाहेर चपला ओळीत.
एका सरांनी श्रीलताचं नाव विचारलं, हळू, नीट,
आणि ती उत्तर देईपर्यंत थांबले.
मी मनात तिथंच ॲडमिशन घेऊन टाकली.

तिसरं अशोक चौकाच्या अलीकडं.
काय सांगू!
एका वाक्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि भांडण.
चहाच्या बिलावरून चौघं उठली, सहा बसली.
कोण बाक वाजवतंय, कोण शिट्टी.
एक पोरगं मला म्हणालं,
काकू, ॲडमिशन तुमचीच का?
श्रीलता हसली. मी नाही हसले.

रात्री पसंतीक्रमाचा फॉर्म.
मोबाईल माझ्या हातात, ओटीपी तिच्या बापाच्या.
मी एक नंबरला लिंबाची झाडं टाकली.
तिनं मोबाईल घेतला
आणि अंगठ्यानं तिसरं वर ओढलं.

अगं, तिथं कोण ऐकणार तुझं?

म्हणूनच, म्हणाली.
शांत जागेत सगळे माझ्याकडं बघतात, अम्मा.
बोल ना, बोल ना म्हणतात.
ते सर थांबले ना, तेव्हा घाम फुटला मला.
खाली माग चालू असतात
तेव्हा मी गप्प आहे हे तुला कधी कळलंय का?

नव्हतं कळलं.

आमच्या घरात खालच्या मजल्यावर चार माग.
खडखडाटात आम्ही ओठांनी बोलतो.
तिचा बाप तिकडून बोटं तोंडाकडं नेतो: जेवलीस?
ती मान हलवते.
मी कात्री दाखवते, ती दोरा आणून देते.
आणि वीज जाते त्या दिवशी
ही पोट दुखतंय म्हणून भिंतीकडं तोंड करून पडते.
लहानपणापासून.
मी दर वेळी ओवा दिला.

फॉर्म तसाच गेला.
मास्तर दोन दिवस बोलले नाहीत.
नणंद अजून बोलतेच आहे.

पहिल्या दिवशी परत आली ती
पाण्याच्या वेळेत. पाच दिवसांनी नळ आलेला,
मी घागर सोडून बघू शकत नव्हते.
माग चालू.
मी ओठांनीच विचारलं, कसं होतं?

तिनं दप्तर खुंटीला लावलं
आणि दारातूनच काहीतरी सांगितलं.
मोठं. एवढं मोठं ती एका दमात कधी सांगत नाही.
कँटीन कळलं. बस कळलं.
मध्येच एक नाव होतं, नवं,
ओठ दोनदा मिटले त्यात.
म असेल, नाही तर ब.
ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात.

घागर भरून वाहत होती.
मी खूण केली, परत सांग.