नवव्या खोलीतली ठेच

तुमचे गुरू कोण, असं विचारलंत.
थांबा, आधी हा पंखा बंद करतो,
याची पाती सुरात नाहीत.

भुसावळला लोको शेडच्या मागे आमची चाळ. बारा खोल्या.
बाप, सुपडू तायडे, बॉयलर धुणारा खलाशी.
तो रात्रपाळीहून येऊन झोपला तरी
भिंतीपलीकडे मालगाडीचं इंजिन
उभ्या जागी धापा टाकत राहायचं,
धक्-धका, धक्-धका,
जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा,
लंगड्या माणसानं घाईत चालावं तसा.
माझा डावा हात तिथला आहे.

उजव्याचं सांगणं अवघड.
आई शेडच्या राखेतून अर्धे जळालेले कोळसे वेचायची,
सोबत आणखी पाचसात बाया,
तोंडाला पदर बांधलेला, त्यामुळे शब्द आतच राहायचे,
बाहेर यायचं नुसतं गुणगुणणं.
त्यात एक सूर होता,
कोमल गंधाराच्या जरा वर, शुद्धाच्या जरा खाली,
चाळणीच्या भोकात खडा अडकावा तसा.

रेल्वे इन्स्टिट्यूटात पियानो होता.
मे महिन्यात त्याच्या पोटात पाण्याची वाटी ठेवावी लागे,
नाहीतर सत्तेचाळीस डिग्रीत लाकूड तडकायचं.
वाटी भरायला मी. महिना दीड रुपया.
गार्ड हॉगनची डॅफ्नी शनिवारच्या नाचाला वाजवायची.
तिला तो सूर गाऊन दाखवला.
"वो इसमें नहीं है, बाबा. बनानेवाला भूल गया."
मग तिनं शेजारच्या दोन पट्ट्या एकदम चिरडल्या,
काळीवरून बोट घसरून पांढरीवर,
आणि राखेच्या ढिगावरून आई
कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

ब्लूज तिनं मला चाळीवरूनच समजावलं.
पहिल्या चार खोल्या आपल्या,
मग दोन शेजाऱ्याच्या, परत दोन आपल्या.
नववी लांबची, तिथे फार बसायचं नाही,
दहावी शेजाऱ्याची, आणि मग घर.
हेच भरधाव सोडलं, की बूगी.

तिच्याकडे एकच तबकडी होती,
लढाईच्या दिवसांत देवळालीच्या छावणीतून आलेली.
मधला कागद कसरीनं खाल्लेला.
कोण वाजवतंय, विचारलं तर म्हणाली,
"होगा कोई. उसका भी बाप रेलवे में होगा."
मी ती शेकडो वेळा ऐकली, जशीच्या तशी उचलली,
नवव्या खोलीतली ती छोटी ठेचसुद्धा.

डॅफ्नी पर्थला गेली. वाफेची इंजिनं भंगारात गेली.
पुढे मुंबईच्या एका हॉटेलात कुणी जाणकार हसून म्हणाला,
ही ठेच मुळात नाहीच,
तुमच्या तबकडीला चरा असणार.
असेल.

बाप एकदाच ऐकायला आला होता.
हात घासून घासून धुतलेले, तरी दारातच उभा.
शेवटपर्यंत ऐकलं, टोपी घातली, म्हणाला,
"नवव्या ठोक्याले वाफ गळते भो.
पॅकिंग ढिलं हाय."

ते मी अजून आवळलेलं नाही.
बसा, वाजवतो.
तेवढं झाकण उचलून बघा,
वाटीत पाणी आहे ना.