सहाशे चाळीस ग्रॅम

जांभळी नाक्यावर आमचा काटा.
पद्माकर मढवी घणसोलीहून आला,
पिशवीतून वर्तमानपत्र, त्यातून
लहान भाकरीएवढं एक गोल काढलं.
"बापूस बोटीवर होता माझा. चीनवरनं आणलेलं.
मोडीत काय देता किलोला?"

टिचकी मारली.
पितळ असतं तर लगेच गप्प झालं असतं.
हे बोलतच राहिलं,
समोरच्या स्टीलवाल्याने मान वर केली.
कासं आहे, म्हटलं. चांगलं कासं.
बाळंतपणात माझे तळपाय घासले
त्या वाटीच्या जातीचं.

पाठीवर गर्दी.
एक नाग, पाय फुटलेला,
एक वाघ, कमरेत फारच बारीक,
एक पक्षी, आणि कासव.
कासवाला सापाचा विळखा,
भांडण आहे की संसार, कळेना.
मधोमध घुंडी, तिला आरपार भोक,
दोरी कधीच गेलेली.
काठाने अक्षरं फिरतात,
वाचायला सुरुवात कुठून करायची
तेही ठाऊक नाही.

दुसरी बाजू कोरी. हिरवी.
"आरसा असेल हा," मी म्हटलं.
तो हसला.
"आई जवळ्याच्या डब्यावर झाकण ठेवायची.
तीस वर्षं."
हुंगून पाहिलं. खरंच,
वाघाच्या पंजात अजून सुका जवळा.

म्हणजे हे जंगाल
चीनच्या मातीचं किती, आणि
आमच्या खाडीच्या मिठाचं किती,
कुणी सांगावं.

"पॉलिश मारा ना मग. नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे,
भिंतीवर लावतो."
मोटर चालूच होती.
हिरवं दिसलं की घासायचं,
यात माझा जन्म गेला.
कळकलेलं कुणाच्या पोटात जाऊ नये
एवढीच आमची विद्या.

नखाएवढी जागा घासली.
त्या नखात आधी ट्यूबलाइट आली,
मग त्याची भुवई,
मग माझं काहीतरी. नाक की कुंकू,
ओळखता आलं नाही.
कुणीतरी बाई यात रोज बघत असणार.
मग ती नाही,
मग तिला ओळखणारं कुणी नाही,
मग जवळा.

मोटर बंद केली.
काट्यावर सहाशे चाळीस ग्रॅम.
वजन लिहिलं. भावाची जागा
तशीच सोडली.
"मी नाही घेत. आईला विचार आधी."
"आई गेली. शिमग्याच्या आधी."
"आणि डबा?"

आहे म्हणाला.
उघडाच आहे.