पाऊणकी

लेथच्या मागच्या भिंतीवर खडूनं तिथी लिहिलेली असते,
तिच्याखाली वेळ.
गिऱ्हाइकाला वाटतं, जॉब द्यायचा वायदा.
विचारतो कुणी, "नवमीला पावणेसातला येऊ का?"
मी म्हणतो, नको.
तेव्हा वाघोटणच्या खाडीत भरती असते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
हे होडीवाल्या भिकाजी तारीनं शिकवलं,
तोंडातली विडी न काढता.
पाऊणकी मला आधीच येत होती.
बीडशेडच्या शाळेत ती छडीनं पाठ झाली
आणि पुढं चाळीस वर्षं
एका पैशाच्या कामाला आली नाही.
नऊ पाऊण पावणेसात.
म्हणताना अजून तळहात मिटतो.

परवा कारखान्याचा पट्टा पडला.
शेवटच्या ट्रॉलीला वाढ्याचे तुरे, ड्रायव्हरला गुलाल,
आणि गगनबावड्याचा रस्ता मोकळा.
दरसाल याच रात्री आम्ही निघायचो,
हंगाम सरता सरता,
दस्तगीरच्या ओम्नीत, मागं थर्माकोलचा खोका.
कळ्याच्या पुढं गुऱ्हाळाचा वास काचेतून आत यायचा
आणि खारेपाटणपर्यंत सीटला चिकटून राहायचा.
तिथं ओठ चाटला की
पहिलं मीठ.

खाडी तेव्हा नितळ असते.
जिताडा खोल गेलेला, सुस्त, खाण्यापेक्षा बघतो जास्त.
पण तांबोसा कांदळाच्या मुळांत,
जुन्या भाडेकरूसारखा.
घर त्याचं नाही, आणि तो उठणार नाही.
त्याच्यासाठी मी भंगारातल्या बुशमधून पितळी मासे काढायचो,
पोटात शिसं, शेपटाला जरासा बाक.
तीसेक तरी अजून त्या मुळांत अडकलेत,
हिरवे पडत.
माझ्या हातचं कुठलंच काम इतकं टिकलेलं नाही.

एकदा एक लागला. दस्तगीरच्या दोरीला.
गुडघाभर चिखलात तो कासरा धरल्यासारखा उभा,
"सोडू का धरू, सोडू का धरू,"
मला विचारत होता की माशाला, कळलं नाही.
मुळाला घासून दोरी तुटली.
न बघितलेला तो मासा
दरवर्षी अर्ध्या किलोनं वाढतो.
साक्षीदार मीच,
आणि मी कधी हरकत घेतली नाही.

औंदा ओम्नी विकली.
छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात. डॉक्टर म्हणाला, घाट नको.
"मला आधी सांगायचास," मी म्हटलं, "लेथवर काढून दिल्या असत्या."
"तुझ्या कामाला वायदा लई," तो म्हणाला.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेलं असतं
आपण समुद्रसपाटीपासून किती मीटर वर आहोत ते.
तेवढ्या उंचीवर, रविवारी सांजचं,
फाल्गुन शुद्ध नवमीला,
मी त्याच्या दारात स्टुलावर बसलो.
तो मांडीवर रीळ घेऊन तेल सोडत होता.
रीळ कोरडं ठक्क. गेल्या सालचं मीठही
त्यानं तेव्हाच गोड्या पाण्यानं धुतलेलं.
चहा आला. त्याच्यात साखर कमी, माझ्यात जास्त.
पोरांचा चेंडू दोनदा गटारात गेला.
घड्याळाकडं कुणी बघितलं नाही.

"आलं बघ," तो म्हणाला.
"मुळांत शिरलं असंल."
मी मान हलवली.
त्यानं तर्जनी वाकवली, दोरी अडवल्यासारखी,
आणि जरा वेळानं सरळ केली.
कुठं पडलं,
ते आम्ही दोघंही ऐकत राहिलो.

"पुरी ओहोटी कितीला?"
"पाऊणला."
"रातच्या?"
"रातच्या."
"बसतोस तवर?"

मी चपला काढून
भिंतीकडंला लावल्या.