रिकामा खण

गोरव्याच्या कारखान्यात चोवीस वर्षं
माझं काम एकच:
पट्ट्यावरून धावणाऱ्या स्ट्रिपा बघायच्या,
एखादा खण रिकामा दिसला
की ती उचलून लाल टोपलीत.
सोलंकीबेन म्हणायच्या, तुझी नजर मांजराची.
रात्रपाळीतही चुकली नाही.

घरी, दांडिया बाजारात,
रोज सकाळी ह्यांची स्ट्रिप बघायचे
आणि खण रिकामा दिसला
की निर्धास्त.
घेतली. चहा ठेवू.

पाच महिने.

ह्यांच्या दुरुस्तीच्या टेबलावर
जुन्या पितळी सुरांचा पत्र्याचा डबा असतो.
भजनी मंडळाची पेटी आली होती, काळी पाच घोगरी.
हे बाहेर गेलेले, मी सूर शोधायला हात घातला
तर बोटांना पिठूळ काहीतरी.
मोजल्या. सवयच ती.
एकशे चव्वेचाळीस.
काही पितळेला लागून हिरव्या पडलेल्या.

भांडले. खूप भांडले.
हे म्हणाले, ती गोळी घेतली की खोकला येतो.
कोरडा. आणि नेमका सा लावताना.
पेटी जुळवायची तर आधी गळ्यात सा हवा,
खोकत खोकत कोणाचा सूर लावू?

मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?

सांगायला तोंड उघडलं होतं.
तेवढ्यात टाय लावलेला एक मुलगा आत आला,
स्टुलावर चढला, भिंतीवरचं घड्याळ काढलं,
नवं लावलं. त्यावर नव्या गोळीचं नाव,
तुमच्याच कंपनीचं.
डॉक्टरांनी वेळ बघितली
आणि माझ्या कागदावर तेच नाव लिहिलं.
दुप्पट किमतीचं.
निरंजनभाई म्हणाला, काका, माल एनो ए ज छे, खोखुं नवुं.
मग तोच खोकला
नव्या नावाने यायला लागला.

मी गप्प बसले.
कंपनीत दर महिन्याला फळ्यावर आकडा लागायचा,
इतक्या लाख निघाल्या. वर पेढे.
किती जणांच्या पोटात गेल्या
ह्याचा फळा नव्हता.
विकली गेली की गोळी संपली.
मग ती कुंडीत जावो, बशीखाली जावो,
शितोळ्यांच्या डब्यात मध्यमाला चिकटून बसो,
माल खपलाच.
ते पेढे मीही खाल्लेत.
पाडव्याला तर घरी आणलेत, ह्यांच्यासाठी.

नोकरीची शेवटची दोन वर्षं, डोळे थकल्यावर,
मला घडीच्या टेबलावर बसवलं होतं.
दहा स्ट्रिपांच्या खोक्यात एक पत्रक जायचं,
आठ पदरी, कडा नखाने दाबून.
आत काय लिहिलंय, मी विचारलं नाही.
कोणीच विचारत नसे.

काल निरंजनभाईकडे तेच मागितलं. तो हसला.
दुकान थाटल्यापासून पहिलं गिऱ्हाईक म्हणे.
तो खोकं फोडतो,
लोकांच्या खिशाकडे बघून
कात्रीने चार-चार, सहा-सहा कापून देतो,
पत्रक केरात.

ह्यांचं सुरांवरचं भिंग घेतलं.
इंग्रजी, मुंगीच्या पायांएवढं.
अक्षराला अक्षर लावत
चौथ्या रकान्यापर्यंत पोचले:
ड्राय कफ.

होतं तिथे.
नाव बदललं असेल, रकाने तेच.
दोन वर्षं माझ्याच नखाखालून गेलं,
दिवसाला हजार वेळा.

उद्या मी ह्यांच्याबरोबर जाणार दवाखान्यात.
डबा घेऊन. त्या घड्याळाखाली
सगळ्या टेबलावर ओतणार,
असं आत्ता तरी म्हणते आहे.

आतल्या खोलीत हे सा लावताहेत.
लागला. स्वच्छ, लांब,
एकदाही न अडखळता.
मानेवरची शीर दोरीएवढी फुगलेली.

थांबा म्हणू की गा म्हणू,
उंबऱ्यात उभी आहे,
आणि बोटांनी, मला न विचारता,
पत्रकाची घडी घातली आहे.
आठ पदरी. कडा नखाने दाबून.