पायचीत

कुरियातच्या पुढचा डोंगर फोडून काढलेला हा रस्ता
वीस वर्षांपूर्वी मी मोजला होता,
डोक्याला ओला टॉवेल, एकेका वळणाचा कोन वहीत पेन्सिलीनं.
तेव्हा तीन पाय यंत्राला होते.
आता मला.

आज त्याच वळणांवरून मी आडवा, सामानासारखा,
पाय उशीवर, उशी रेवतीच्या मांडीवर.
सुनेच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा, हा संकोच
पहिल्या वीस किलोमीटरांत गळून पडला.

दर पाऊण तासानं उतरायचं, ही लीलाम्मा सिस्टरची ताकीद.
घड्याळ शर्वीच्या मनगटावर. वय आठ, दया शून्य.
"आजोबा, चला!"
मग फिन्सजवळ, पेट्रोलपंपाच्या मागे,
टाच वर, टाच खाली, दहा वेळा.
एक बकरी शेवटपर्यंत बघत राहिली.

हा सांधा माझा की पाहुणा, अजून ठरलेलं नाही.
रात्री कुशीवर वळताना आत टक्क वाजतं,
परक्या घरात कुणी दार लोटावं तसं.
दर गुरुवारी लीलाम्मा प्लास्टिकचा कोनमापक लावते:
चौऱ्याऐंशी. एक्याण्णव. पंच्याण्णव.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कोन घेतले,
आता माझी मोजणी.
"एकशे वीस करा, मग सोडते," म्हणते,
जणू मी तिच्याकडे गहाण पडलोय.

सूरला पोचलो तोवर गुडघा भाकरीसारखा टम्म.
बर्फाची पिशवी मस्कतच्या फ्रीजरमध्येच.
कुंदा कुणावर चिडावं हे ठरवत होती,
तेवढ्यात निखिलेश मासळीबाजारातून बर्फ घेऊन आला.
म्हाताऱ्या सालिमनं पैसे घेतले नाहीत म्हणे,
स्वतःचा गुडघा थोपटून दाखवला
आणि वर एक मूठ जास्त घातली.
तेव्हापासून माझ्या गुडघ्याला सुरमईचा वास.
"रवा लावून तळू का?" कुंदा म्हणाली, आणि हसली.
ती हसली तेव्हा कळलं,
दहा आठवडे ती हसली नव्हती.

उन्हं उतरल्यावर ओल्या वाळूत क्रिकेट.
खेळपट्टी मीच मोजली, दुसरं कोण मोजणार.
एक स्टंप पाण्याची बाटली, एक शर्वीची सँडल,
मधला म्हणून माझी काठी रोवली.
नाही नाही म्हणता बॅट हातात आली.
माझ्यासाठी पळणार कुंदा:
"पळते, पण ओरडायचं नाही."

पहिला चेंडू दिसलाच नाही.
दुसरा कडेला लागून गेला,
कुंदानं न विचारता दोन धावा काढल्या
आणि चपला हातात घेऊन उभी राहिली.
तिसरा टप्पा पडून आत वळला
आणि सरळ नव्या गुडघ्यावर.

सगळे थिजले.
निखिलेशचे हात डोक्याला, रेवती धावत आली,
"लागलं का? बाबा, बसा, आधी बसा,"
आणि या सगळ्यांच्या वर, दोन्ही हात आभाळात,
शर्वी:
"हाऊज दॅट!"

लागलं होतं थोडं. सांगितलं नाही.
दहा आठवड्यांत मला कुणी
इतकं सरळ काही विचारलं नव्हतं.
मी टप्पा आठवला. कोन धरला.
चेंडू काठीवरच जात होता, शंकाच नाही.
बोट वर केलं, स्वतःलाच बाद दिलं.
शर्वी नाचत होती. आपल्या आजोबाला बाद करून
एवढा आनंद होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

मग बॅट काखेत, मान खाली,
बाद झालेला माणूस जातो तसा
खेळपट्टी ओलांडून बर्फाच्या डब्यापर्यंत गेलो, बसलो.
थर्मासमधला करक चहा कपात ओतताना
बघितलं तर काठी तिकडेच.
कुंदानंही बघितलं होतं.
बोलली नाही काही. बॅट घेऊन
काठीच्या पुढे उभी राहिली, वाळूत रेघ मारली.

भरती दोन हातांवर आली होती.
मागू शकलो असतो.
पण डाव चालू असताना
स्टंप कुणी मागतं का?