आकडे जुळत नाहीत

माझ्या गॅरेजात अकरा मोटरसायकली आहेत.
एकीतूनही तेल गळत नाही,
कारण एकीतही तेल नाही.
हीटर मंद चालू, फरशी आरशासारखी,
आणि प्रत्येकीच्या फायलीत माझ्या अक्षरात :
इंजिनचा नंबर, सांगाड्याचा नंबर, जुळतात.

बारावीसाठी गेलो वर्क्सवर्थला,
डार्बीशरमधलं दगडी, चढणीचं गाव,
जिथे बससुद्धा पहिल्या गिअरात कण्हत येते.
एनिड रॅग, वय एक्याऐंशी,
शेडच्या दाराशी म्हणाली,
"बिजागरीला शिव्या लागतात. मी देते, तू ढकल."

आत ट्रायम्फ बॉनेव्हिल, सन सहासष्ट.
तांबडी-पांढरी टाकी,
गुडघ्यांच्या रबराला पडलेले दोन खळगे,
आणि जुळे सिलिंडर शेजारी शेजारी,
चर्चच्या बाकावरल्या दोन थोराड बहिणींसारखे.
खाली केक भाजायचा ट्रे, काठोकाठ काळा.
"एकोणऐंशी सालापासून
हा माझ्या स्वयंपाकघरातून हरवलेला आहे."

मी गुडघे टेकले. बॅटरी, दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा.
आम्हा संग्राहकांना असं पाहून
कुणाला वाटावं, प्रार्थना चालली आहे.
चाललेली असते पत्रिका बघणं.
रंग नवा चढतो, सीट नवी मिळते, क्रोमही,
पण मेरिडनच्या कारखान्यात कुणी एकाने
हातोडीने ठोकलेले ते आकडे,
इंजिनवर जे, तेच सांगाड्यावर :
जुळले तर किंमत दुप्पट,
नाही तर छत्तीसचा आकडा,
तिनाचं तोंड एकीकडे, सहाचं दुसरीकडे.

शेवटचे तीन वेगळे होते.

मी घसा साफ केला. हे मला चांगलं जमतं.
म्हणालो, मिसेस रॅग, इंजिन मूळचं नाही.
"आहे की. मूळचं माझं आहे."

मग तुकड्यातुकड्याने,
मधे किटली ठेवून येत, मधे मांजर हाकलत :
ऑल्विनची एक बॉनेव्हिल, हिची एक.
रविवारी मॅटलॉक बाथ, नदीकाठी चिप्स,
हातमोज्यांना सोमवारपर्यंत व्हिनेगरचा वास.
त्याच्या इंजिनाने बक्स्टनच्या चढावर
कनेक्टिंग रॉड बाहेर थुंकला.
हिचा सांगाडा स्नेक खिंडीत, बर्फावर,
एक मेंढी वाचवताना वाकला.
मेंढी वाचली नाही. "फार मूर्ख होती."
पैसे नव्हते. बाळ येणार होतं.
जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
दोघींची मिळून एक केली.

मला ठाऊक होतं, तरी तिने समजावलं :
या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदम वर येतात,
एकदम खाली जातात,
पेटतो मात्र एका वेळी एकच.
"आमचंही तसंच. एकाने भडकायचं,
दुसऱ्याने नुसतं सोबत वर-खाली.
म्हणून तर ही थरथर. आरशात
मागून येणारी एक लॉरी चार दिसायची."

कार्ब्युरेटरची कळ तिने दाबून धरली
बोट पेट्रोलने भिजेपर्यंत,
बोट कार्डिगनला पुसलं,
आणि बाजूला हो म्हणाली.
तिसऱ्या किकला फळीवरचे रंगाचे डबे
हळूहळू कडेकडे चालू लागले.
मी काही बोलत होतो. बहुधा किमतीचं.

निम्म्यात मागितली. तिने घासाघीस केली नाही.
"गुडघा गेलाय माझा. घेऊन जा.
ट्रे ठेवते. हरवलेला सापडला
म्हणून कुणाला तरी सांगता येईल."

रात्री तिला अकरा जणींच्या रांगेत लावलं.
फाईल उघडली, नंबर लिहिले, एकाखाली एक,
आणि पुढच्या शब्दाशी पेन अडलं.

टप्.

आरशासारख्या फरशीवर एक थेंब, काळा, गोल,
माझ्याकडे बघणारा.
दुसरा पडायच्या आत स्वयंपाकघरात गेलो,
कपाटं उघडली, ओव्हनही,
ज्यातलं माहितीपत्रक अजून प्लॅस्टिकमध्ये होतं.
अख्ख्या घरात
एक ट्रे नव्हता.