राहू दे

कॅम्पातल्या शाळेचा पियानो
मी तीस वर्षं जुळवतोय.
पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत तारा उतरतात,
फादर म्हणतात, उझगरे, बिल जरा बेतानं.

त्या वर्षी सोलेन मार्केबाई आल्या,
फ्रान्सच्या, नांत की कुठल्या गावच्या.
हयात संगीतकार!
मला वाटायचं, ते सगळे
फोटोतच असतात, पांढऱ्या केसांच्या टोपात.

बाई नऊला बसायच्या
आणि अकरापर्यंत एकच सूर.
वाजवायचा. विझू द्यायचा. लिहायचं.
खोडायचं.
शिपाई भागुजी म्हणाला, ह्यांना अजून पुढचा धडा दिला नाही वाटतं.

मधल्या सप्तकातला गंधार हट्टी होता,
तिनातली एक तार मागं राहायची,
कण्हल्यासारखी.
मी किल्ली लावली तर बाईंनी मनगटच धरलं:
"राहू दे."
रिक्षावाल्याकडे सुटे नसले की म्हणायच्या, तेच.

मग पेन्सिलीनं कागदावर
वडिलांची खानावळ काढली, कोपऱ्यात पियानो,
आणि त्याच्या कमरेशी एक आडवी रेघ.
पाणी.

ती रेघ मला ओळखीची.
आमच्या कसब्यातल्या खोलीत होती, एकसष्टची;
आई दर दिवाळीला चुना लावायची
तेवढी पट्टी सोडून.

परवा मुलीनं फोनवर ऐकवलं:
साठ वादक, सगळे शिस्तीत,
आणि मध्येच सगळे गप्प
आणि ती तार.
उजव्या कानानं मला हल्ली ऐकू येत नाही.
फोन डावीकडे घेतला.

या जूनचं बिल दिलंय,
एक तार वगळून.